मुलांचा सेफ्टी हार्नेस: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

आमची लेक आता सव्वातीन वर्षांची आहे. साताऱ्यातल्या शाहूपुरीतून बालवाडी आणि संध्याकाळी समर्थ मंदिराजवळ आजीकडे, सगळं स्कूटरवरच. हार्नेस म्हणजे मुलाच्या अंगात जॅकेट, त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांवरून पुढे येतात आणि क्लिप पोटाशी लागते.

खरा उपयोग चढावर कळला. समर्थ मंदिराकडे गाडी चढायला लागली की मागचं मूल मागे सरकतं. पूर्वी एक हात पाठीमागे नेऊन तिला धरायचे, आता दोन्ही हात हँडलवर असतात. संध्याकाळच्या वाऱ्यानं ती पेंगते, तेव्हाही पाठीला धरून राहते. मान मात्र लटकते, म्हणून डोळे मिटले की मी गाडी कडेला घेतेच. सासूबाई अजून म्हणतात, "अगं, पुढं उभी कर की तिला." पण पुढे उभ्या मुलाचं तोंड ब्रेक लागला की थेट हँडलवर आदळतं.

स्वेटर चढला-उतरला की पट्टे पुन्हा ओढावे लागतात. सैल हार्नेस घालून निघण्यात अर्थ नाही. केंद्राच्या नियमात तो वॉटरप्रूफ हवा असं म्हटलंय, तरी आमच्याचा फोम साताऱ्याच्या पावसात भिजला की लवकर वाळत नाही. घेताना 30 किलो वजन पेलेल असं लिहिलेलं बघा, तेही नियमातच आहे.

हा नियम केंद्रानं फेब्रुवारी 2022 मध्ये काढला आणि वर्षानं लागू झाला. 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला हार्नेससोबत मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. लोक हार्नेस घेतात आणि या दोन गोष्टी सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. हार्नेस मुलाला आपल्याशी बांधतो, तेव्हा आपण पडलो तर तेही पडणार. डोकं वाचवायला हेल्मेटच लागतं. मोठ्यांचं जड हेल्मेट घालू नका, नियमात ठरवलेल्या मानकांचं सायकलचं हेल्मेटही चालतं.

हायवेवर तिला स्कूटरवरून नेत नाही. कराडला जायचं तर एसटी.

चार पूर्ण झाली की हार्नेसची सक्ती संपेल, हेल्मेटची राहील. जॅकेट अंगात बसतंय तोवर मी दोन्ही वापरणार आहे.