एक आघाडी, पाच पुस्तकं: काही महिन्यांच्या वाचनानंतर

आत्मकथन, प्रेमकथा आणि युद्धेतिहास आलटूनपालटून वाचायचे ठरवले, की सहसा एक पुस्तक या युद्धाचं, दुसरं त्या देशाचं, तिसरं तिसऱ्याच काळाचं अशी निवड होते. प्रत्येक पुस्तक आवडतं, पण एकाचा दुसऱ्याला उपयोग होत नाही. हा संच मुद्दाम एकाच आघाडीभोवती लावलेला आहे: पहिल्या महायुद्धातली इटली विरुद्ध ऑस्ट्रिया-हंगेरी ही डोंगरातली आघाडी, मे १९१५ ते नोव्हेंबर १९१८. काही महिने ही पुस्तकं शेजारी ठेवून, मागेपुढे करत वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. यातलं प्रत्येक पुस्तक काहीतरी झाकतं आणि ते नेमकं शेजारच्या पुस्तकात उघडं पडतं. म्हणून ही पुस्तकं सुटी वाचण्यापेक्षा एकत्र वाचण्यात खरा लाभ आहे.

इतिहासासाठी मार्क थॉम्पसन यांचं ‘द व्हाइट वॉर’ (२००८). आत्मकथनं तीन: एमिलिओ लुस्सू यांचं ‘उन आन्नो सुल्ल’आल्तिपिआनो’ (१९३८), एर्विन रोमेलचं ‘इन्फन्टरी ग्राइफ्ट आन’ (१९३७) आणि व्हेरा ब्रिटन यांचं ‘टेस्टामेंट ऑफ यूथ’ (१९३३). प्रेमकथा म्हणून हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९).

वाचनाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. इतिहास अथपासून इतिपर्यंत आधी संपवू नका. थॉम्पसन यांची सुरुवातीची प्रकरणं वाचायची, म्हणजे इटली युद्धात का उतरली, इझोन्झो नदीच्या खोऱ्यात जून १९१५ ते सप्टेंबर १९१७ या काळात अकरा लढाया का झाल्या आणि तरीही आघाडी काही मैलच का सरकली, एवढं कळतं. तिथे थांबायचं. मग लुस्सू पूर्ण. मग कादंबरीचे पहिले दोन भाग. कादंबरीत एकूण पाच भाग आणि ४१ प्रकरणं आहेत. तिसरा भाग, म्हणजे प्रकरण २५ ते ३२, हा कापोरेत्तोला इटलीचा पराभव झाल्यानंतरच्या माघारीचा. तो वाचताना नकाशा आणि इतिहास दोन्ही बंद ठेवावेत. त्या माघारीत कुणालाच काही कळत नाही, शत्रू कुठे आहे, आपली रांग कुठवर आहे, रस्ता का अडला आहे, आणि वाचकालाही ते कळू नये अशीच तिची रचना आहे. नकाशा हातात असला की वाचक गावं ताडून पाहत बसतो आणि चिखल निसटतो. तो भाग संपल्यावर रोमेलचा मातायुर डोंगराचा भाग वाचायचा आणि त्यानंतर थॉम्पसन यांची कापोरेत्तोवरची प्रकरणं. एकच आठवडा तीन उंचींवरून दिसतो.

हा आठवडा जरा जवळून पाहू. २४ ऑक्टोबर १९१७ रोजी पहाटे दोनच्या सुमारास तोफा आणि विषारी वायूने ऑस्ट्रिया-हंगेरी आणि तिच्या मदतीला आलेल्या जर्मनीचा हल्ला सुरू झाला. रोमेल तेव्हा जर्मन लष्करात, वुर्टेम्बर्गच्या डोंगरी बटालियनमधला तरुण अधिकारी. २६ तारखेला त्याची तुकडी सुमारे १६४० मीटर उंचीच्या मातायुरवर पोहोचली, आणि त्याच्या हिशेबाने तोवर नऊ हजार कैदी हाती लागले होते. २७ ला इटालियन सरसेनापती कादोर्नाने तालियामेन्तो नदीपलीकडे माघारीचा हुकूम दिला, २८ ला उदिने शहर पडलं. कादंबरीचा नायक फ्रेडरिक हेन्री रुग्णवाहिका घेऊन गोरित्सियाहून निघतो, आडरस्त्याला लागतो, गाड्या चिखलात रुततात, मग पायी उदिनेच्या आसपास येतो तेव्हा त्याला पुलावरून जाणारे जर्मन दिसतात. कादंबरी तारीख सांगत नाही, पण ही जुळवणी केली की ते २८ ऑक्टोबरच्या आगेमागे बसतं. त्याच २८ तारखेच्या पत्रकात कादोर्नाने पराभवाचं खापर सेकंड आर्मीच्या सैनिकांच्या भ्याडपणावर फोडलं. या लढाईत मेलेले इटालियन दहा-बारा हजारांच्या घरात, आणि कैद झालेले अडीच लाखांहून जास्त. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं की मनात एकच प्रश्न येतो: एवढे लोक लढायचे का थांबले?

रोमेलकडे याचं उत्तर नाही. त्याच्या पानांत इटालियन सैनिक हात वर करून डोंगर उतरताना दिसतात, बस्स. उत्तर लुस्सूकडे आहे, आणि तेही कापोरेत्तोच्या आधीचं. लुस्सू इटालियन लष्कराच्या सास्सारी ब्रिगेडमध्ये अधिकारी होते. त्यांचं पुस्तक मे-जून १९१६ पासून जुलै १९१७ पर्यंतचं, आसियागोच्या पठारावरचं. त्यात जनरल लेओने ‘फारिना’ नावाची चिलखतं घातलेल्या माणसांना तारा कापायला पुढे पाठवतो. ही चिलखतं गोळ्यांपुढे टिकत नाहीत आणि ती माणसं एकेक करून पडतात. दुसऱ्या एका प्रसंगात निवेदक पहाटे शत्रूच्या खंदकाजवळ सरपटत जातो. समोर ऑस्ट्रियन सैनिक कॉफी पितायत, एक तरुण अधिकारी सिगारेट पेटवतो. बंदुकीचा नेम बरोबर धरलेला असतो आणि गोळी झाडणं त्याला जमत नाही. हा प्रसंग वाचल्यावर मातायुरच्या उतारावरचे कैदी वेगळे दिसू लागतात. थॉम्पसन याला आकड्यांची जोड देतात: या युद्धात इटालियन लष्कराने रीतसर खटला चालवून सुमारे ७५० सैनिकांना गोळ्या घातल्या, खटल्याविना मारलेले वेगळे. तालियामेन्तोच्या पुलावर काराबिनिएरी, म्हणजे लष्करी पोलीस, माघारी येणाऱ्या इटालियन अधिकाऱ्यांना बाजूला काढून गोळ्या घालतात, हा कादंबरीतला प्रसंग त्या शिस्तीचाच पुढचा टप्पा आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायलाच हवी. ही माघार हेमिंग्वेने पाहिलेली नाही. तो इटलीत आला जून १९१८ मध्ये आणि ८ जुलैला पिआवे नदीकाठी फोस्साल्ता इथे जखमी झाला. माघारीची प्रकरणं त्याने वाचून, ऐकून, नकाशे पाहून लिहिली. ती इतकी खरी वाटतात की अनेक जण कादंबरीला आत्मकथन समजून तिच्यातून तारखा आणि हालचाली उचलतात. ते करू नये. वातावरण तिथून घ्या, तारीख थॉम्पसनकडून. लुस्सूबाबतही थोडी सावधगिरी हवी. आपलं पुस्तक कादंबरीही नाही आणि इतिहासही नाही, या फक्त आठवणी आहेत असं ते स्वतःच सुरुवातीला सांगतात. शिवाय पात्रांची नावं बदललेली आहेत. त्यामुळे त्यांच्या ‘जनरल लेओने’ला इतिहासाच्या सूचीत शोधण्यात वेळ घालवू नका. रोमेलचं पुस्तक वीस वर्षांनी, पायदळाच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेलं आहे, आणि तेही १९३७ च्या जर्मनीत. प्रत्येक चकमकीनंतर तो ‘निरीक्षणं’ म्हणून धडे काढतो. ती बारकाईने वाचण्याजोगी आहेत, पण त्याच्या हाताखालच्यांना किंवा समोरच्यांना काय वाटलं हे त्यात शोधू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ गावांच्या नावांनी होतो. या प्रदेशात प्रत्येक जागेला दोन-तीन नावं आहेत. इटालियन लेखकाचं कापोरेत्तो म्हणजे स्लोव्हेनियन कोबारिद आणि जर्मन कार्फ्राइट. इझोन्झो म्हणजे सोचा. प्लेत्सो म्हणजे बोवेत्स म्हणजे फ्लिच. गोरित्सियाला जर्मन ग्योर्त्स म्हणतात. लुस्सू आणि हेमिंग्वे इटालियन नावं वापरतात, रोमेल जर्मन वळणाची, आणि आजच्या नकाशावर निम्मी गावं स्लोव्हेनियात असल्याने तिथे स्लोव्हेनियन नावं सापडतात. हे ध्यानात न घेता वाचलं तर एकाच गावाची तीन गावं होतात आणि लढाई डोक्यात बसतच नाही. पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटवून तीन रकान्यांत ही नावं लिहून ठेवावीत. पंधरा-वीस नावांत काम भागतं. रोमेलकडे डोंगरांना आकडेही आहेत. ‘उंची १११४’ म्हणजे १११४ मीटरचा माथा. हा आकडा तुकडीचा किंवा तारखेचा समजून गोंधळू नये.

तुकड्यांचे आकारही एकदा लिहून ठेवले की बरं. ढोबळ मानाने प्लाटून तीस ते पन्नास, कंपनी शंभर ते अडीचशे, बटालियन सातशे ते हजार, ब्रिगेड काही हजार, डिव्हिजन दहा ते अठरा हजार. देशागणिक आणि वर्षागणिक हे बदलतं, आणि लढाईनंतर तर कंपनीत चाळीसच जण उरतात. इटालियन ब्रिगेडमध्ये साधारणपणे दोन रेजिमेंट असत. लुस्सू ‘ब्रिगेड’ म्हणतात तेव्हा ती सहा हजारांची वस्ती आहे एवढं डोळ्यासमोर असलं की एका सकाळच्या हल्ल्यातले बळी कळतात.

आवृत्त्यांबद्दल. लुस्सूचं एकच पुस्तक इंग्रजीत ‘सार्डिनियन ब्रिगेड’ आणि ‘अ सोल्जर ऑन द सदर्न फ्रंट’ अशा वेगवेगळ्या नावांनी निघालं आहे. रोमेलचं ‘इन्फन्ट्री अटॅक्स’ आणि ‘अटॅक्स’. नाव वेगळं म्हणून दुसरं पुस्तक समजून दोनदा घेतलं जातं. रोमेल घेताना रेखाटलेले नकाशे शाबूत आहेत ना, हे आधी पाहा. नकाशे गाळलेली किंवा पुसट छापलेली प्रत त्या पुस्तकापुरती निरुपयोगी आहे, कारण त्याचं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी उताराकडे बोट दाखवतं. हेमिंग्वेच्या १९२९ च्या पाठात सैनिकांच्या शिव्यांच्या जागी आडव्या रेघा आहेत. ती छपाईची चूक किंवा बिघडलेली फाइल नाही, प्रकाशकाने शब्द काढले होते. २०१२ च्या आवृत्तीत मागे शेवटाचे ४७ पर्यायी मसुदे जोडलेले आहेत. ते अभ्यासूंसाठी मोलाचे आहेत, पण पहिल्या वाचनाआधी चाळू नयेत. प्रस्तावनाही शेवटी वाचाव्यात, बहुतेकांत शेवट फोडलेला असतो.

कागद की ई-रीडर? कादंबरी आणि लुस्सू सहा इंची पडद्यावर उत्तम चालतात. थॉम्पसन आणि रोमेल तिथे अडखळतात. नकाशाचं चित्र पडद्याच्या रुंदीत आकसतं, मोठं केलं की संथ ई-इंक पडद्यावर ते सरकवताना आधीच्या चित्राच्या सावल्या राहतात आणि बारीक नावं वाचता येत नाहीत. तळटीपांचंही तसंच. टीप उघडली आणि परतीची खूण चुकली की वाचक शंभर पानं पुढे जाऊन पडतो. उपाय साधा आहे. ही दोन पुस्तकं कागदी घ्या, किंवा नकाशे टॅब्लेटवर वेगळे उघडे ठेवा. सूचीचा उपयोगही कागदावरच नीट होतो, आणि या संचात सूची रोज लागते.

प्रेमकथेच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात मोठी भर ब्रिटन यांच्या पुस्तकाने पडते. कादंबरीतली कॅथरीन बार्कली व्ही.ए.डी., म्हणजे युद्धकाळात स्वेच्छेने भरती झालेली, परिचारिका आहे आणि तिचा वाग्दत्त वर सॉमच्या लढाईत मेलेला आहे. हे ती चार-दोन वाक्यांत सांगते आणि कथा पुढे सरकते. व्हेरा ब्रिटन प्रत्यक्षात व्ही.ए.डी. होत्या, त्यांचे वाग्दत्त रोलंड लेइटन डिसेंबर १९१५ मध्ये फ्रान्समध्ये मारले गेले, आणि लंडन, माल्टा, एताप्ल इथल्या इस्पितळांमध्ये त्यांनी काम केलं. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, रात्रपाळ्या, मेलेल्यांचं सामान परत येणं हे सगळं त्यांच्या पुस्तकात सविस्तर आहे. मिलानच्या इस्पितळातला हेमिंग्वेचा प्रणय त्यानंतर वाचला की कॅथरीनच्या तोंडी न आलेलं बरंच काही ऐकू येतं. पुस्तक जाड आहे, सुरुवातीचा शालेय आणि ऑक्सफर्डचा भाग संथ जातो; घाई असेल तर युद्ध सुरू होतं तिथून धरा, पण पत्रं गाळू नका.

आणि हे पुस्तक याच आघाडीवर येऊन पोहोचतं. कापोरेत्तोनंतर इटलीला सावरायला ब्रिटिश डिव्हिजन पाठवल्या गेल्या, त्यांत व्हेराचा भाऊ एडवर्ड होता. तो १५ जून १९१८ ला आसियागोच्या पठारावर, म्हणजे लुस्सूच्याच पठारावर, मारला गेला. १९२१ मध्ये ती त्याच्या थडग्याशी जाऊन आली, तो प्रवासही पुस्तकात आहे. पुस्तक छापून झाल्यावर, १९३४ मध्ये, एडवर्डच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने तिला सांगितलं की मृत्यूच्या वेळी समलैंगिक संबंधांवरून त्याच्याविरुद्ध चौकशी आणि लष्करी खटला येऊ घातला होता. १९३३ च्या पाठात याचा मागमूस नाही, कारण लिहिताना तिला ते माहीतच नव्हतं. एडवर्डच्या शेवटच्या आठवड्यांची पानं वाचून झाली की ब्रिटन यांचं एखादं चरित्र किंवा नव्या आवृत्तीची प्रस्तावना जरूर पाहावी आणि मग ती पानं पुन्हा वाचावीत.