आमवात-मुक्ती शिबिरातली बिननावाची पावडर

शेजारच्या तालुक्यात पुन्हा 'आमवात आणि पोटविकार मुक्ती शिबिरा'चे फलक लागले आहेत. संस्थेचं नाव बदललंय, पण फलकावरचा फोटो त्याच माणसाचा आहे. म्हणून माझ्याबाबतीत काय घडलं ते सविस्तर लिहिते आहे. सांध्यांचा ऑटोइम्यून आजार आहे आणि जोडीला पोटही धड राहत नाही, अशा लोकांनी हे जरूर वाचावं, कारण असं गिऱ्हाईक तिथे बरोबर ओळखलं जातं.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे त्याला सरसकट आमवात म्हणतात. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की दुधाची पिशवी कापता येत नाही. त्यावर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (ही उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) आणि वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिड अशी औषधं चालू होती. सांधे बऱ्यापैकी आटोक्यात होते. पोट मात्र नव्हतं. दुपारच्या जेवणानंतर पोट नगाऱ्यासारखं ताणायचं, मग डाव्या बरगडीखाली वायू अडकून अशी कळ उठायची की श्वास घेववत नसे. मोठं आतडं तिथे प्लीहेजवळ वळण घेतं आणि त्या वळणावर गॅस साठला की दुखणं छातीपर्यंत जातं, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा घरच्यांनी हार्ट अटॅक समजून रात्री गाडी काढली होती. ईसीजी नॉर्मल आला आणि 'गॅस आहे' एवढं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

खरी अडचण इथूनच सुरू होते. सांध्यांचे डॉक्टर पोटाबद्दल ऐकून घ्यायचे आणि पोटाच्या डॉक्टरांकडे जायला सांगायचे. पोटाचे डॉक्टर तपासण्या करून 'आयबीएस आहे (म्हणजे तपासणीत काही न सापडणारा, आतड्याच्या कामकाजातला बिघाड), टेन्शन घेऊ नका' म्हणायचे. दोघांचंही चुकत नव्हतं, पण रोज रात्री उशी पोटाशी धरून येरझाऱ्या घालणाऱ्या बाईला 'टेन्शन घेऊ नका' यातून काय मिळणार? दोन दवाखान्यांमधल्या या रिकाम्या जागेतच अशी शिबिरं उभी राहतात.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. दारातच लॅपटॉप आणि त्याला वायरीने जोडलेली धातूची कांडी. नाव, वय, उंची, वजन लिहून घेतात, कांडी मुठीत धरायला सांगतात आणि मिनिटभरात रंगीत आलेखांचा जाडजूड रिपोर्ट हातात पडतो: यकृत, आतडी, हाडं, हार्मोन, सगळ्यांवर लाल-पिवळे पट्टे. एक थेंब रक्त न घेता. माझ्या जाऊबाईंचं वय तिथल्या मुलाने चुकून साठीच्या पुढचं टाकलं, तर त्यांची हाडं झिजलेली निघाली. वय दुरुस्त केल्यावर, कांडी पुन्हा हातात न देता, नवा रिपोर्ट छापून आला आणि हाडं ठणठणीत झाली. म्हणजे ते यंत्र शरीर वाचत नाही, टाइप केलेले आकडे वाचतं. जाऊबाईंनी ही गोष्ट मला बऱ्याच दिवसांनी सांगितली.

आत सगळे ज्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणत होते त्यांनी मला अर्धा तास दिला. इतका वेळ तोवर कोणीच दिला नव्हता. किती वाजता पोट फुगतं, झोप कशी लागते, घरात काय चाललंय, सगळं विचारलं. मग म्हणाले, "ताई, तुमचे आजार दोन नाहीत, एकच आहे. पोटात आम साठतो, तोच सांध्यांत जाऊन बसतो. मुळावर घाव घातला की दोन्ही जातील. ती विषारी गोळी आजच बंद करा." आम (आयुर्वेदात, नीट न पचलेल्या अन्नाचा साठा) आणि आमवात हे शब्द आपल्या कानावरचे असल्यामुळे बोलणं लगेच पटतं.

तीन महिन्यांच्या कोर्सचे १८,५०० रुपये. त्यात पांढऱ्या डबीतली पावडर, रात्री घ्यायचं चूर्ण, गुळवेलीचा काढा आणि पथ्याचा कागद. डबीवर ना कंपनीचं नाव, ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना घटक. स्केचपेनने फक्त 'सकाळ–संध्या. १ चमचा' लिहिलेलं. पावती मागितली तर 'आरोग्य परिवार आजीव सदस्यता वर्गणी' अशी मिळाली. औषधाचा त्यात उल्लेखच नव्हता. ही पावती मुद्दाम तशी असते. उद्या तक्रार करायला गेलात तर तुम्ही औषध विकत घेतलं हे कागदावर दिसतच नाही.

आणि फरक पडला. झपाट्याने पडला. दोन दिवसांत मनगटाची सूज उतरली, मी पुन्हा कणीक मळायला लागले. सकाळी पोट साफ होऊ लागलं, गुबारा धरेना, भूक सडकून लागायची. मी स्वतः चार बायकांना तिथला नंबर दिला. जगात कोणीही दिला असता, कारण आराम खरा होता. म्हणूनच त्या आरामाचे तीन धागे मी इथे सुटे करून सांगते.

सांध्यांचा आराम पावडरीतल्या स्टिरॉइडचा होता. पुढे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डबी तपासून घेतली, तेव्हा डेक्सामेथासोन निघालं. हे औषध ताकदवान आहे, योग्य कारणासाठी, मोजून-मापून डॉक्टरही देतात. पण किती जातंय हे ना मला माहीत, ना घरी डबी भरणाऱ्याला. सुजलेला सांधा दोन दिवसांत मोकळा करणारं 'नैसर्गिक' चूर्ण कोणी दिलं, तर आधी स्टिरॉइडचाच संशय घ्यावा. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुण यायलासुद्धा साधारण सहा ते बारा आठवडे लागतात.

पोट साफ होण्याचं श्रेय रात्रीच्या चूर्णातल्या सोनामुखीचं. ती चांगलं रेचक आहे, पण चार-सहा दिवसांसाठी. रोज घेत राहिलं की पेटके येतात, शरीरातलं पोटॅशियम घटतं. आणि मी जेव्हा जुलाब होतात म्हणून फोन केला, तेव्हा उत्तर आलं, "विष बाहेर पडतंय, थांबवू नका."

तिसरा धागा पथ्याचा, आणि मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो, कारण यात फुकट मिळणारं ज्ञान होतं. त्या कागदावर कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, फ्लॉवर, दूध बंद होतं. हे पदार्थ आयबीएस असलेल्या पुष्कळांना फुगवतात, कारण त्यातल्या काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचा गॅस करतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने यावरून लो-फॉडमॅप आहारपद्धत बसवली आहे. दोन ते सहा आठवडे असे पदार्थ बंद, मग एकेक परत खाऊन पाहायचा आणि जो बाधतो तेवढाच कमी करायचा. आमच्या कागदावर परत खाऊन पाहण्याचा टप्पाच नव्हता. सगळं कायमचं बंद, आणि त्याने येणारा अशक्तपणा भरून काढायला त्यांचीच प्रोटीन पावडर.

गव्हाबद्दल आणखी एक. ऑटोइम्यून आजार असलेल्यांत सीलिएक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, निघण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. त्याची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते. कोणाच्या सांगण्यावरून आधीच गहू सोडला की सीलिएक असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. माझी तपासणी नशिबाने आधीच झाली होती. शिबिरातल्या कितीजणींची झाली होती, कोणी विचारलंसुद्धा नाही.

माझा चेहरा गोल व्हायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. दंडावर नुसतं दाबलं तरी काळेनिळे डाग उमटायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकूंनी साखर वाढल्याचं लिहिलं, तर तासाभरात त्यांना ग्रुपमधून काढलं. या सगळ्या स्टिरॉइडच्याच खुणा, हे पुढे कळलं. मग कोर्सची किंमत अचानक दुप्पट झाली. मी पुढची डबी घेतली नाही, आणि त्याच आठवड्यात कोसळले. उलट्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, एक-एक सांधा पेटलेला. दवाखान्यात रक्तदाब खूप खाली होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चेहरा पाहिला, दंड पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "मावशी, कुठलं चूर्ण घेत होतात?" सकाळच्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड हार्मोन, जवळजवळ नव्हतंच. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रेनल ग्रंथी स्वतःचं हार्मोन बनवणं थांबवतात, आणि बाहेरचं एकदम बंद झालं की शरीराकडे काहीच उरत नाही. यात जीव जाऊ शकतो. पुढे कितीतरी महिने त्या हार्मोनची जागा भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या हळूहळू कमी करत गेले आणि मेथोट्रेक्सेट पहिल्यापासून सुरू झालं.

गुळवेलीचंही सांगायला हवं, कारण ती घरोघरी निर्धास्तपणे घेतली जाते. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला ऑटोइम्यून पद्धतीची इजा झाल्याचं मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं. त्यांनी प्रतिकारशक्ती 'वाढवणारं' काहीही आपल्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

यावरून कोणी आयुर्वेदाला नावं ठेवू नयेत. आमच्या गावच्या वैद्यांना मी डबी दाखवली. नोंदणी असलेले, चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून देणारे गृहस्थ आहेत. त्यांनी चिमूटभर पावडर तळहातावर घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "असं एका रात्रीत सूज उतरवणारं चूर्ण आमच्याकडे असतं, तर मी तुम्हाला दहा वर्षं हे दुखणं घेऊन येताना बघितलं असतं का?"

१९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार ठरावीक ५४ आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि त्या यादीत संधिवात आहे, गलगंड आहे, ल्युपसही आहे. म्हणजे तो फलकच मुळात बेकायदा. मी फलकाचा फोटो, डबी, पावती आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट जोडून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. पैसे ऑनलाइन भरले होते त्याचा स्क्रीनशॉट कामी आला, रोख दिलेल्यांकडे तेवढंही नाही. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

पोटाचं म्हणाल तर आयबीएस गेलेलं नाही, पण आता ते माझ्या कह्यात आहे. आहारतज्ज्ञांबरोबर एकेक पदार्थ परत खाऊन पाहिला. मला कांदा आणि लसूण बाधतात, दही चालतं, गव्हाची एखादी पोळी चालते. आता फोडणीला हिंग, आणि रात्री बहुतेक भाकरी. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून हळूहळू वाढवलं, एकदम वाढवलं तर उलट फुगतं. कळ उठली की गरम पाण्याची पिशवी, गुडघे छातीशी घेऊन पडून राहणं, नाहीतर अंगणात सावकाश फेऱ्या. फारच झालं तर पोटाच्या डॉक्टरांनी दिलेली पेटके कमी करणारी गोळी. शौचातून रक्त पडणं, वजन आपोआप उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप किंवा ॲनिमिया यांपैकी काही असेल तर मात्र हे आयबीएस म्हणून घरी सोसू नये, आतड्याची नीट तपासणी करून घ्यावी.

आणि जे आत्ता, आजही, अशी पावडर घेत आहेत त्यांनी हे वाचून ती डबी फेकून देऊ नये. पावडर एकाएकी बंद केल्यावर माझं जे झालं, तेच तुमचं होऊ शकतं. डबी तशीच पिशवीत घाला, आजच एखाद्या एमडी फिजिशियनकडे जा, 'यात स्टिरॉइड असावं असा संशय आहे' असं स्पष्ट सांगा आणि सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसोल तपासणी करायची का, हे विचारा. चक्कर, उलट्या किंवा ग्लानी असेल तर वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा.