हॉस्पिस की ज्येष्ठांचं काम? एमएसडब्ल्यूनंतर ठरवताना

एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, दुसरं वर्ष संपत आलं की कुणीतरी विचारतंच, "ताई, हॉस्पिसला जाऊ की वृद्धांच्या संस्थेत?" दोन्हीकडे म्हातारी माणसं आणि शेवटी मरणच, मग फरक तो काय, असा एकूण सूर. मी दोन्हीकडे काम केलंय. पहिला फरक वेळेचा.

आधी एक गैरसमज. हॉस्पिस म्हणजे म्हातारपण नव्हे; बरा न होणारा आजार झालेल्यांची शेवटच्या काळात काळजी घेणारी ती संस्था. वांद्र्याचं शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६ साली सुरू झालं ते कॅन्सरच्या रुग्णांसाठी, आणि कॅन्सर वय विचारून येत नाही. पस्तिशीची बाई, तिची पहिलीतली मुलगी, गावाहून आलेली सासू अशी केस समोर येते, तेव्हा तुमच्या हातात कधी दोन महिने असतात, कधी चार दिवस. मुलगा पॅसेजमध्ये गाठतो, "आईला काय झालंय ते कळू देऊ नका." आत गेलं की आई हळूच म्हणते, "मला कळलंय सगळं, पण पोराला सांगू नको गं, खचेल." दिवसभर त्या एका दारातून ये-जा करायची. दुखणं कमी करणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्यांना 'व्यसन लागेल' म्हणून घाबरणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टरांनी सांगितलेलंच पुन्हा त्यांच्या भाषेत सांगायचं. बँकेत नॉमिनी लावलाय का, ते बघायचं. आणि तेरावा होऊन पाहुणे पांगले की त्या घरी फोन करायचा. हा फोन मला शेवटपर्यंत जड गेला.

ज्येष्ठांच्या कामात मरण लांब असतं, कागद जवळ. गरीब ज्येष्ठांना सरकारी पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तहसील कार्यालयाच्या खेपा. नोव्हेंबर आला की पेन्शन चालू राहण्यासाठी हयातीचे दाखले. आयुष्यभर भांडी घासलेल्या एका आजींचा अंगठा मशीन घेईना. ओल्या फडक्याने बोट पुसलं, तेल लावलं, शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून काम झालं. आजी म्हणाल्या, "म्हणजे आहे मी अजून!"

इथे कायदा यायलाच हवा. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाह भत्ता मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून घेतलं आणि मग सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते रद्दही होऊ शकतं. पण अर्जावर सही करायच्या दिवशी निम्मे आईवडील माघार घेतात. "लोक काय म्हणतील त्याला?" त्याला म्हणजे मुलाला. तुम्ही महिनाभर जमवलेली फाईल कपाटात जाते. हे सोसणार असाल तरच या.

हॉस्पिसमध्ये डॉक्टर, नर्स सोबत असतात, केसवर एकत्र बोलणं होतं. लहान वृद्धाश्रमात सोशल वर्कर म्हणून तुम्ही बहुधा एकटेच, शिवाय वाढदिवसाचं अन्नदान करायला आलेल्या देणगीदारांचे फोटोही तुम्हीच काढायचे. पगार दोन्हीकडे ट्रस्टचा, म्हणजे बेताचाच. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत जरा बरा, पण तिथे जागा कमी. नोकऱ्या वाढतायत त्या ज्येष्ठांच्या बाजूला: मुलं अमेरिकेत, आईवडील कोथरूडला, मधे एक खासगी कंपनी आणि तिचा 'केअर मॅनेजर'. काम बरचसं आपलंच, फक्त हिशेब त्या मुलांना द्यायचा.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं हॉस्पिसच्या होमकेअर टीममध्ये काढा. दहा बाय दहाच्या खोलीत खाटेशेजारी बसून, मागे टीव्ही चालू असताना कसं बोलायचं, ते वर्गात शिकवता येत नाही. तिथून ज्येष्ठांच्या कामात येणं सोपं, उलटा प्रवास मी कमी पाहिलाय. मात्र घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल, तर वर्षभर तरी हॉस्पिस नको.

मुलाखतीला गेलात तर पगाराआधी एक विचारा: एकाच आठवड्यात तीन पेशंट गेले, तर आम्ही कुणाशी बोलायचं? समोरचा "सवय होते" म्हणाला, तर दुसरी संस्था बघा.