ताम्हिणीच्या पावसासाठी घेतलेले चार टायर

पावसाळ्यात महिन्यातून दोनदा तरी मला पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला जावे लागते. गेल्या वर्षी जुलैमध्ये याच घाटातल्या एका उताराच्या वळणावर ब्रेक दाबताच एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू झाले, पेडल पायाखाली थडथडू लागले आणि गाडी हातभर बाहेर सरकली. घरी येऊन मोजले, तर टायरच्या नक्षीची खोली जेमतेम 2 मिलिमीटर उरली होती. खोबणीतले झीज दाखवणारे उंचवटे 1.6 मिलिमीटरवर नक्षीच्या पातळीला येतात आणि तोवर टायर गोटा झाला असे कोणी म्हणत नाही. परंतु नव्या टायरची खोली साधारण 7 ते 8 मिलिमीटर असते आणि चाकाखालचे पाणी बाहेर सारण्याचे काम याच खोबणींना करायचे असते.

माझी गाडी डिझायर असून टायरचे माप 185/65 आर 15 आहे. या मापात पर्याय भरपूर असल्यामुळे निवड सोपी होईल असे वाटले होते, पण पहिल्याच दुकानात बोलणे टायर किती किलोमीटर चालेल याच्यापुढे सरकेना. आयुष्य आणि ओल्या रस्त्यावरील पकड यांत नेहमी थोडी ओढाताण असते; रबराच्या मिश्रणात सिलिकाचे प्रमाण चांगले असेल तर ती बरीचशी सैल होते, मात्र हे नक्षीकडे पाहून कळत नाही. अनेक टायरांच्या बाजूला ‘ट्रॅक्शन’ (पकड) या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी अशी श्रेणी कोरलेली असते आणि ती ओल्या डांबरावर व काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवलेली असल्याने निदान सुरुवातीची चाळणी म्हणून उपयोगी पडते. वळणावरची पकड किंवा साचलेल्या पाण्यावरून टायर तरंगण्याची शक्यता तिच्यात धरलेली नसते, आणि घाटात तर नेमका प्रश्न त्याचाच असतो. टायरवर लावलेल्या स्टारच्या लेबलाबाबत गैरसमज अधिक दिसला: ते स्टार इंधनबचतीचे आहेत, पकडीचे नव्हेत.

त्याच दुकानात दाखवलेल्या टायरच्या बाजूला कोरलेल्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, म्हणजे निर्मितीचा आठवडा व साल, 1122 असे होते, म्हणजे तो 2022 सालच्या अकराव्या आठवड्यात तयार झालेला, तीन वर्षांहून जुना माल होता. ‘साहेब, वापरलेला थोडाच आहे’ असे उत्तर मिळाले. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होत जाते, म्हणून मी तिथून निघालो आणि दुसऱ्या दुकानातून मिशेलिनचे एनर्जी एक्सएम 2 प्लस हे चार टायर, प्रत्येकावरची तारीख स्वतः वाचून, बसवून घेतले. किंमत चढी आहे, हे आधीच सांगतो.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवल्यानंतर त्याच वळणावर, तशाच धो धो पावसात आणि जवळपास त्याच वेगाने मी ब्रेक लावला. या वेळी एबीएस जागे झाले नाही आणि स्टीअरिंग सांगेल तिकडे गाडी वळली. अर्थात झिजलेल्या टायरनंतर कोणताही नवा टायर देवासारखाच वाटतो, त्यामुळे त्या दिवशीच्या समाधानाला मी फारशी किंमत दिली नाही. आता बारा हजार किलोमीटर झाल्यावर, झाडाखालच्या ओल्या पाचोळ्यावरून आणि कडेच्या शेवाळावरूनही भरवसा तसाच राहिला आहे, म्हणून हे लिहीत आहे.

चार टायर एकदम घेणे जमत नसेल, तर दोन नवे टायर मागच्या चाकांना लावावेत. फिटर बहुधा उलटे सुचवतो, कारण इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि ती आधी झिजतात. परंतु ओल्या वळणावर पुढची चाके सुटली तर वेग कमी करून गाडी सावरता येते, मागची सुटली तर ती गर्रकन फिरते आणि आपल्यासारख्या चालकाच्या हातात काही उरत नाही. बसवल्यावर अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावे, आणि हवा पंपावरच्या माणसाच्या अंदाजाने न भरता चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. माझ्या स्टेपनीत मात्र अजून जुनाच टायर आहे. तो पुढच्या महिन्यात बदलणार आहे.