फोन हरवला: साइन आउट की सरळ पुसून टाकायचा?

परवा लोकलमध्ये खिसा हलका झाला. घरी येऊन लॅपटॉप उघडला.

गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात हरवलेला फोन निवडून साइन आउट करता येतं. फोन बंद असला तरी चालतं, कारण कुलूप सर्व्हरवर लागतं. पण गॅलरीतला आधारचा फोटो जागच्या जागी, आणि बाकीची ॲप्स एकेक करून आवरा!

गूगलच्या 'फाइंड हब' या हरवलेला अँड्रॉइड फोन शोधायच्या सेवेतून फोन पुसला की गॅलरीसकट साफ. मात्र फोन ऑनलाइन हवा, त्यावर गूगल खातंही चालू हवं. पुसल्यावर नकाशावरचा ठिपकाही जातो.

म्हणून घाईत आधी साइन आउट नको. फोन ऑनलाइन दिसला तर मी पुसतोच. नसेल तर सिम बंद, मग बँकेला फोन.