मुलुंड पश्चिम, डोंगराच्या बाजूला: वर्षभर राहून झालेलं मत

जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात सोसायटीच्या फाटकाबाहेरचा गुलमोहर आडवा झाला आणि हे लिहायचं ठरवलं. खाली माणूस कुणी सापडलं नाही, पण दोन स्कूटरींचा चेंदामेंदा झाला.

मुलुंडची जुजबी माहिती सगळ्यांना असतेच. मध्य रेल्वेवर मुंबईतलं शेवटचं स्टेशन, पुढे ठाणे, पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. गर्दीच्या वेळी बऱ्याच फास्ट गाड्या इथे न थांबता निघून जातात. ‘डोंगर दिसतो’ म्हणून एजंटाने भाडं चढवून सांगितलं, तेव्हा मी चिडलोच होतो. कंजूष माणूस आहे, खिडकीतल्या देखाव्याचे पैसे द्यायची सवय नाही. पण मे महिन्यात संध्याकाळी डोंगरावरून येणारी हवा अंगावर घेतली आणि तो राग गेला.

भाडं खरं वसूल होतं ते रस्त्यांमुळे. १९२२ साली झवेरभाई रामजी यांच्या मालकीच्या जमिनीवर क्राऊन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी इथली आखणी केली. स्टेशनपासून ‘पाच रस्ता’ या चौकापर्यंतचे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते त्या आखणीतले. स्टेशन लांब पडतं अशी सुरुवातीला माझी तक्रार होती, ती आता राहिली नाही. एक रस्ता तुंबला तर शेजारचा धरायचा, सावलीसावलीने चालत जायचं, रिक्षाचे पैसे वाचतात. कालिदास नाट्यगृहात नाटक, तिथल्याच संकुलात पोहायचा तलाव, महाराष्ट्र सेवा संघाचं वाचनालय, सगळं चालत. एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गावर मेट्रो ४ च्या कामाची धूळ आहे, तिकडे घर बघू नका.

आता झाडाचं. उन्मळलेलं खोड मी जवळून बघितलं. रस्त्याकडची जाड मुळं एका सरळ रेषेत तुटलेली. कधीतरी चर खणताना छाटली असणार, तुटलेली टोकं काळी पडून कुजली होती. फुटपाथच्या बाजूने पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले, फटींत सिमेंट, आणि त्या सिमेंटच्या कडेवरून साल फुगून बाहेर आलेली. गुलमोहराची मुळं तशीही वरच्या थरात पसरतात. त्यांना ना हवा, ना पाणी, एका बाजूचा आधारही तोडलेला. झाड पाडल्याचं नाव मात्र वाऱ्याचं झालं.

तेव्हापासून रस्त्याने जाताना माझी नजर बुंध्यांवरच असते. पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, पिंपळ, कुणाची सुटका नाही. वर खिळे ठोकून क्लासच्या पाट्या. ज्या झाडांच्या जिवावर इथे चढं भाडं घेतात, त्यांच्या बुंध्याशी हातभर माती ठेवायला कुणी तयार नाही, याचा मला मनापासून संताप येतो. फुटपाथच्या ठेकेदाराला विचारलं, तर म्हणाला, “साहेब, नकाशात झाडाभोवती मातीचा गोल दाखवलेला नाही.” त्याच्याशी भांडण झालं, अर्ज दिला, पोच घेतली. पुढे काही हललं नाही.

सोसायटीच्या आवारातलं मात्र आपल्या हातात होतं. सभेत दोन काकांनी ‘चिखल होईल’ म्हणून विरोध केला, तरी पावसाळ्यातच प्रत्येक झाडाभोवतीच्या लाद्या काढल्या. खर्च किरकोळ. पाणी तिथेच जिरायला लागलं आणि पार्किंगमध्ये घोटाभर साचायचं ते कमी झालं. आता तेच काका बाहेरच्या झाडांसाठी अर्जावर सह्या गोळा करतात.

बिबट्याबद्दल हमखास विचारतात. उद्यानाच्या हद्दीजवळच्या वस्त्यांत तो दिसतो. उघड्यावर कचरा पडला की भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्यामुळे घर बघायला गेलात की इमारतीची कचऱ्याची जागा झाकलेली आहे का ते बघा, अंधार पडल्यावर मुलांना हद्दीच्या भिंतीकडे एकटं सोडू नका. आणि गाडी बाहेर लावायची असेल, तर आधी वरच्या झाडाचा बुंधा बघून घ्या.