फ्रेंच प्रेस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कॉफी करण्यासाठी फ्रेंच प्रेस घ्यावा का, असे कोणी विचारले की मी आता आधी बिया दळायच्या ग्राइंडरची चौकशी करतो. काचेचे उभे भांडे, त्यात वरखाली होणारा दट्ट्या आणि दट्ट्याच्या टोकाला पोलादी जाळी, एवढेच हे उपकरण आहे. मिलानच्या आत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांनी १९२९ मध्ये त्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून त्याच्या मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही. त्यामुळेच असेल, पण माझा साधा प्रेस आणि एका नातेवाइकांकडचा बराच महागडा प्रेस यांतल्या कॉफीत, बिया आणि दळण एकच असताना, मला सांगण्याजोगा फरक जाणवला नाही. दळण बदलले की मात्र तीच कॉफी ओळखू येत नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या पद्धतीत कॉफी पाण्यात पूर्ण बुडून राहते. बारीक कण आपला अर्क झटपट सोडतात आणि पुढे कडवटपणा देत राहतात, तर जाड कणांच्या आतपर्यंत पाणी पोहोचायलाच वेळ लागतो. मिक्सरमध्ये बिया दळल्या तर पाती त्यांचे वेडेवाकडे तुकडे करतात, त्यामुळे एकाच चमच्यात पीठही येते आणि अर्ध्या बियाही येतात, आणि कपात कडू व आंबट अशा दोन्ही तक्रारी एकदम उतरतात. दात्यांमध्ये बी भरडणारा हातग्राइंडर घेतल्यापासून ही तक्रार संपली. मी दळण जाड्या रव्याइतके ठेवतो. तीस ग्रॅम बिया हाताने दळणे हे सकाळच्या घाईत थोडे कंटाळवाणे आहे, हे कबूल करायला हवे. तयार मिळणारी दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची पूड मात्र यात वापरू नये. ती इतकी बारीक असते की जाळीतून सरळ कपात येते, आणि तिच्यात बहुधा मिसळलेली चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) कॉफीचा मूळ गंध झाकून टाकते.

प्रमाण मी लिटरला साठ ग्रॅम असे धरतो, म्हणजे सहाशे मिलीच्या प्रेसमध्ये पाचशे मिली पाणी आणि तीस ग्रॅम कॉफी. चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवत असल्याने हाती साडेचारशे मिलीच्या आसपास कॉफी येते. खरेदी करताना हेही लक्षात ठेवावे, कारण खोक्यावर लिहिलेले ‘आठ कप’ हे सव्वाशे मिलीचे कप असतात आणि आपल्या मगाने मोजले तर ते जेमतेम चार भरतात. भांडे गरम पाण्याने आधी विसळून घ्यावे, पूड घालून नुकतेच उकळलेले पाणी ओतावे आणि चार मिनिटे काही करू नये. त्यानंतर वर जमलेला थर चमच्याने हलकेच मोडायचा. बहुतेक पूड खाली बसते, आणि तरंगणारा फेस काढून टाकायचा. बहुतेक जण येथे दट्ट्या जोर लावून तळापर्यंत दाबतात. मी आणखी पाच मिनिटे थांबतो आणि जाळी कॉफीच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवून सावकाश ओततो. दाबल्याने तळाशी बसलेला गाळ पुन्हा ढवळला जातो, एवढेच होते. नऊ-दहा मिनिटांत कॉफी कडू होईल अशी भीती वाटते, परंतु थर मोडल्यावर पाणीही निवत जाते आणि अर्क उतरण्याचा वेग मंदावतो. शिवाय तोवर कॉफी पिण्याजोगी कोमट झालेली असते. शेवटचा घोटभर भाग भांड्यातच सोडावा.

बिया मी चिकमगळूरच्या मागवतो, मध्यम भाजलेल्या, आणि पुड्यावर भाजणीची तारीख नसेल तर घेत नाही. भाजणीनंतरच्या पहिल्या महिन्यात त्या संपवलेल्या बऱ्या. काळपट होईपर्यंत भाजलेल्या बियांना उकळते पाणी सोसत नाही. त्यांच्यासाठी ते मिनिट-दोन मिनिटे निवू द्यावे. पाण्याकडे मी सुरुवातीला लक्ष दिले नव्हते. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचे जड पाणी येते आणि त्यातले क्षार कॉफीतला फळासारखा आंबूसपणा मारून टाकतात, तर निव्वळ आरओच्या पाण्यात ती पोकळ लागते. दोन्ही मिसळून मी मार्ग काढला आहे.

दूध घालून पिणाऱ्यांसाठी हे उपकरण फारसे कामाचे नाही. कॉफी दुप्पट घातली तर जमते, परंतु आमच्या आईला लागणारी दाट दुधातली, जायफळ घातलेली कॉफी इन्स्टंट पुडीनेच चांगली होते आणि मी त्यात ढवळाढवळ करत नाही. आणखी एक गोष्ट आरोग्याची. धातूची जाळी कॉफीतली तेले अडवत नाही. त्यांतले कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवते आणि कागदी फिल्टरमध्ये ते बव्हंशी अडकते. म्हणून ज्यांचे कोलेस्टेरॉल आधीच वाढलेले आहे त्यांनी रोज प्रेसचीच कॉफी पिऊ नये. माझ्या वडिलांसाठी मी प्रेसमधली कॉफी कागदातून पुन्हा गाळतो. तिचा दाटपणा जातो, पण चव बरीचशी टिकते.

साफसफाई हाच या उपकरणाचा खरा जाच आहे. चोथा सिंकमध्ये टाकला तर पाइप तुंबतो, म्हणून तो गाळणीत काढून कुंड्यांतल्या मातीत थोडा-थोडा मिसळावा. जाळी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण सुटी करून साबणाने धुवावी लागते, नाहीतर तिच्यात अडकलेले तेल खवट होते आणि उत्तम बियांनाही तो वास लागतो. जाळीची कड महिन्यांच्या वापराने किंचित वाकली आहे, पण दट्ट्या दाबतच नसल्याने अडचण आलेली नाही. काच मात्र धुताना नळावर आपटून फुटू शकते. नवे भांडे मागवताना ‘सहाशे मिली’ एवढ्यावर विसंबू नये, तोंडाचा आतला व्यास मोजून घ्यावा. निरनिराळ्या कंपन्यांच्या मापांत काही मिलिमीटरचा फरक असला तरी जाळी एकतर अडकते किंवा कडेने गाळ सोडते.